आदिनाथनं बुजवलेले ओढे

आदिनाथनं पहिल्यांदा माणसाच्या डोक्यात घातलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. टाकवे बुद्रुकजवळ बैलगाड्यांची शर्यत होती आणि कुणाचा गाडा आधी सुटला यावरून बाचाबाची झाली. आदिनाथनं जुवाची शिवळ, म्हणजे बैलाच्या मानेशी असतो तो लाकडी दांडका, उपसून काढला आणि समोरच्याच्या टाळूवर दोनदा हाणला. तो माणूस तळेगावच्या दवाखान्यात तीन महिने पडून होता. गावकीनं बसून प्रकरण मिटवलं. पण त्यानंतर बाजारात लोक आदिनाथला वाट द्यायला लागले. पुढं कधीतरी त्यानं मला सांगितलं, "काका, तवा मला वाटलं, आपल्याला ह्येच येतंय. मंग ह्येच करायचं."

मी लोणावळा स्टेशनच्या तिकीटखिडकीत एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर गुडघे आखडू नयेत म्हणून चालायला लागलो, आणि त्या चालण्यातूनच आदिनाथची ओळख झाली. त्याच्या आयुष्यातलं जे मी पुढं सांगणार आहे, त्यातलं अर्धं त्याच्या तोंडचं आहे आणि अर्धं डोळ्यांनी पाहिलेलं. त्या पाहिलेल्या अर्ध्याबद्दल मी एकदा खोटं बोललो. म्हणून आता सगळं सांगतो.

डोंगरपायथ्याच्या जमिनी घेऊन प्लॉट पाडणारा एक शेट होता. सगळे त्याला शेटच म्हणायचे. त्याला आदिनाथसारखीच माणसं हवी होती. सुरुवातीला आदिनाथ नुसता त्याच्या गाडीत पुढं बसायचा. मग कुंपणाचे खांब उपटायला जायला लागला, मग जेसीबी शिकला. मावळात पावसाळ्यात कुठूनही पाणी फुटतं, पण एप्रिल-मेमध्ये लहान ओढे कोरडे पडतात. शेटचं काम तेव्हाच चालायचं. कोरड्या ओढ्यात मुरूम ओतायचा, वरून रोलर फिरवायचा, आणि पावसाच्या आत मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला सपाट प्लॉट दाखवायचा. ओढा गेला हे गिऱ्हाइकाला कळायचंच नाही. ज्यांना कळायचं, त्यांच्यासाठी आदिनाथ होता. बारा-तेरा वर्षांत त्यानं किती जणांची हाडं मोडली ते त्यालाही नीट आठवत नव्हतं. घरीही तेच. बायकोचा, सविताचा, हात त्यानं एकदा दारात चेंगरला, तेव्हा ती लेकीला घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही.

मळवलीच्या वरच्या अंगाला, बौद्धवाडीच्या कडेला, खडकात खोदलेलं एक टाकं होतं. त्याला जांभळीचं टाकं म्हणायचे. किती जुनं ते कुणालाच माहीत नव्हतं. गावच्या विहिरीवर वाडीला पाणी भरू देत नव्हते, त्या काळात वाडीतल्या माणसांनी ते टाकं साफ केलं होतं, आणि पुढं छप्पनला धर्म बदलल्यावरही कितीतरी वर्षं वाडी त्याच पाण्यावर जगली. मे महिन्यात पाणी खाली गेलं की आतल्या चार पायऱ्या दिसायच्या. टाकं केरबांच्या वावरात होतं. केरबा भातशेती करणारा साधा माणूस, तेव्हा साठीचा. शेटला त्या वावरातून रस्ता हवा होता.

२०११च्या मे महिन्यात एका सकाळी आदिनाथ जेसीबी घेऊन तिथं गेला. केरबा टाक्याच्या तोंडाशी उभे राहिले. आदिनाथनं यंत्र बंद केलं, सीटखालचा लोखंडी पाइप घेतला आणि खाली उतरला. बोलणं फारसं झालंच नाही. पहिला घाव केरबांच्या कोपरावर बसला. हाड मोडल्याचा आवाज वाडीतल्या बायकांनी ऐकला. ते खाली बसले तरी बाजूला होईनात, म्हणून त्यानं त्यांना कमरेत लाथा घालून दूर सारलं. त्यांचा मुलगा प्रदीप धावत आला, त्याच्या कानशिलावर पाइप बसला. कानातून रक्त आलं. त्या कानानं प्रदीपला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. केरबांची मुलगी यशोधरा तेव्हा वीस वर्षांची होती. तिनं हातातलं घमेलं भिरकावलं, ते आदिनाथच्या भुवईवर बसलं. तो तिच्याकडं वळला, पण तेवढ्यात शेटचा फोन आला आणि तो यंत्रावर चढला. केरबा बांधावर आडवे पडलेले होते. त्यांच्या डोळ्यांदेखत सहा ट्रक मुरूम त्या टाक्यात गेला.

तक्रार झाली, केस उभी राहिली. चार साक्षीदार होते. चौघांनीही आपण काही पाहिलं नाही असं सांगितलं. आदिनाथ सुटला आणि शेटनं त्याला नवी मोटारसायकल घेऊन दिली.

दोन वर्षांनी जुलैत त्याचा पाय गेला. पवनेच्या बाजूला आदल्या उन्हाळ्यात भरलेल्या ओढ्यावर तो काम करत होता. वरून पाणी आलं, खालचा मुरूम खचला आणि जेसीबी कुशीवर पडला. त्याचा उजवा पाय केबिनच्या चौकटीखाली सापडला. साडेचार तास तो चिखलात होता, पाणी हनुवटीपर्यंत येत होतं. शेटची माणसं काठावरून बघून निघून गेली. लोणावळ्याहून बचावाचं काम करणारी पोरं आली, त्यांनी कटरनं पत्रा कापला. पाय वाचला, पण गुडघ्याखाली वाकडा जुळला. शेटनं पुन्हा त्याचा फोन उचलला नाही. ओळखीच्या एका माणसानं त्याला तुंगार्लीत एका बंगल्यावर रखवालदार म्हणून लावलं. हातात भरीव बांबूची, चिव्याची काठी आली. ती चालायलाही होती आणि कुत्री हाकलायलाही.

तोपर्यंत यशोधरा लोणावळ्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवायला लागली होती. २०१६पासून ती दर उन्हाळ्यात रविवारी सकाळी पंधरा-वीस लोकांना घेऊन तळी, टाकी, ओढे यांच्या कडेनं चालायची. लोक विचारायचे की एवढ्या उन्हाचं कशाला, पावसाळ्यात किती छान असतं. ती सांगायची, पाणी उतरतं तेव्हाच जुनं बांधकाम दिसतं. कुणी बांधलं, कुणी भरलं, कुणाला भरू दिलं नाही, असं सगळं ती न चिडता सांगायची. मी तिसऱ्या उन्हाळ्यात तिच्याबरोबर जायला लागलो.

२०१८च्या मे महिन्यात आम्ही तुंगार्लीच्या तळ्याखालच्या रस्त्यानं चाललो होतो. इथून एक ओढा निघायचा, जुन्या नकाशात तो आहे, आता मात्र कुठं गेला ते सापडत नाही, असं ती सांगत होती. बाजूच्या बंगल्याच्या फाटकात काठी टेकून एक लंगडा रखवालदार उभा होता. तो म्हणाला, "त्यो मी बुजवलाय. त्या पांढऱ्या बंगल्याच्या हिरवळीखाली हाय."

लोक हसले. यशोधरा हसली नाही. तिचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, ऊन लागलं. तिनं फेरी कशीबशी पुरी केली.

पुढच्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, काका, एका माणसाला भेटायचंय, एकटीला जायचं नाही, तुम्ही चला. वाटेत तिनं मला २०११चं सगळं सांगितलं. मी म्हणालो, मग जायचंच कशाला? ती म्हणाली, बुजवलेले ओढे कुठं आहेत ते त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नाही म्हणून.

फाटकाशी पोचल्यावर तिनं त्याला विचारलं, "मला ओळखलं?"

"व्हय. केरबाआबांची पोरगी." त्यानं भुवईवरची खूण बोटानं दाखवली. "ह्ये तुमचंच हाय."

तो आणखी काही बोलेल म्हणून आम्ही थांबलो. तो खाली बघत म्हणाला, "आदी कुटलं दावू? टाक्यावर जायाचं का?"

"जांभळीचं टाकं मला माहीत आहे," यशोधरा म्हणाली. "बाकीचे दाखवा."

त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यानं एकवीस ठिकाणं दाखवली. तो काठी रोवून उभा राहायचा आणि सांगायचा, हितं ओढा व्हता, मी भरला, अमक्या साली. तिथं कुणाला मारलं असेल तर तेही सांगायचा. हितं एक म्हातारी आडवी आली, तिला ढकलली, तिचा खुबा गेला. पुण्याहून आलेली तरुण मंडळी हे मोबाइलवर टिपून घ्यायची. त्यांना त्याचं फार कौतुक वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू. यशोधरा मात्र त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. पाणी द्यायची, नाश्त्याला इतरांबरोबर बसवायची, पण त्यानं माफी मागायला तोंड उघडलं की उठून जायची. घरी तिनं काही सांगितलं नव्हतं.

२०१९च्या मेमधला दुसरा रविवार होता. मळवलीच्या खालच्या बाजूला एका ओढ्यात ताजा मुरूम पडला होता. काम शेटचंच होतं. आमच्यातल्या दोघा-तिघांनी फोटो काढले आणि यशोधरा नकाशा उघडून ओढ्याची जुनी दिशा सांगत होती. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. एक जीप येऊन थांबली आणि चार जण उतरले. पुढं होता तो गौरव. बावीस वर्षांचा, दंड कमावलेला, हातात क्रिकेटची बॅट. त्यानं आधी एका मुलाचा मोबाइल काढून दगडावर आपटला. मग यशोधराचा नकाशा ओढून फाडला. ती म्हणाली, हा सरकारी ओढा आहे, कुणाच्या बापाचा नाही. त्यानं तिच्या छातीवर हात ठेवून तिला मागं ढकललं. ती दगडांवर पडली, कपाळ फुटलं. मी मध्ये गेलो, तर बॅटचा एक फटका माझ्या खांद्यावर बसला आणि मीही खाली बसलो.

आदिनाथ मागं होता. लंगडत येईपर्यंत त्याला थोडा वेळ लागला. पण आल्यावर त्याचा पाय लंगडा आहे हे कुणाला कळलं नसतं. त्यानं पहिली काठी गौरवच्या मनगटावर घातली. बॅट उडाली. दुसरी नडगीवर. मागचे दोघे पुढं आले, एकाच्या पोटात काठीचं टोक गेलं आणि दुसऱ्याचं नाक फुटलं. रक्ताची चिळकांडी माझ्या सदऱ्यावर आली. ते दोघे आणि चौथा जीपकडं पळाले. हे सगळं मिनिटभरात झालं असेल. आदिनाथ तिथंच थांबला असता तर त्याला कुणी काही म्हटलं नसतं.

गौरव तोंडावर पडला होता आणि उठायला बघत होता. आदिनाथनं काठी दोन्ही हातांत धरली. डोक्यात, पाठीत, पुन्हा पाठीत, पुन्हा डोक्यात. गौरव हात जोडत होता. त्यानं कूस बदलून चेहरा वर केला आणि पुढची काठी डोळ्यावर बसली. तो आवाज मी अजून विसरलेलो नाही. नंतर गौरव हललाच नाही, तरी काठी चालूच होती. आदिनाथच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शेतात काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा चेहरा होता. यशोधरा रक्ताळलेल्या कपाळानं उठली आणि तिनं मागून त्याची काठी दोन्ही हातांनी धरली. तो झटक्यात वळला. मला वाटलं, आता हिलाही मारतो. ती काठी सोडत नव्हती.

"बस," ती म्हणाली. "मेला तो. बस."

गौरव मेला नव्हता. कुणीतरी रुग्णवाहिका बोलावली. तोवर आदिनाथ मुरमाच्या ढिगावर बसून राहिला. पळून जायचा त्यानं प्रयत्नही केला नाही. यशोधरा ओढणीनं कपाळ दाबून त्याच्यासमोर उभी होती. तो तिला म्हणाला, "बाई, खोटं न्हाई सांगत. मला बरं वाटत व्हतं. लय वर्सांनी."

गौरवचा डावा डोळा गेला आणि कवटीला चीर गेली. जीपमधल्यांनी तक्रार केली, आमच्या बाजूनंही तक्रार झाली. आदिनाथ आठ महिने आत राहून जामिनावर सुटला. बंगल्यावरचं काम गेलंच होतं. तो टाकव्याला जाऊन राहिला. मग टाळेबंदी आली, कोर्टं बंद पडली आणि खटला उभा राहायला २०२२ उजाडलं.

साक्षीला यशोधरा होती, मी होतो, आणखी तिघं होते. सुनावणीच्या आधी आमच्यातले काही जण तिच्या घरी जाऊन आले. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. त्यानं आपल्याला वाचवलं, तो नसता तर काय झालं असतं, थोडं सांभाळून बोला. मीही तेच म्हणालो. ती म्हणाली, बघते.

माझी साक्ष आधी झाली. गौरव खाली पडल्यावर काय झालं, असं सरकारी वकिलांनी विचारलं. मी म्हणालो, माझा चष्मा पडला होता, नीट दिसलं नाही. चष्मा माझ्या नाकावर होता. खांद्याला मार लागला, चष्म्याला काही झालं नव्हतं. पण मला वाटलं, मी उपकाराची फेड करतोय.

मग यशोधरा उभी राहिली. गौरवनं ढकललं, नकाशा फाडला, काकांना मारलं, बॅट घेऊन आला होता, आदिनाथनं आधी आम्हाला वाचवण्यासाठीच मारलं, हे तिनं स्पष्ट सांगितलं. वकिलांनी विचारलं, आणि तो पडल्यानंतर?

"सात वेळा मारलं," ती म्हणाली. "तो हात जोडत होता. पाचव्या वेळी डोळ्यावर लागलं. त्यानंतरही दोन वेळा."

आदिनाथच्या वकिलांनी तिला घेरलं. २०११मध्ये याच माणसानं तुमच्या वडिलांना मारलं होतं ना, म्हणून तुम्ही हा सूड घेताय, असं ते म्हणाले. मागच्या बाकावर प्रदीप बसलेला होता. बहीण दोन उन्हाळे याच माणसाबरोबर फिरत होती, हे त्याला तिथंच पहिल्यांदा नीट कळत होतं. पुढं झुकून, चांगला कान पुढं करून तो ऐकत होता.

"मारलं होतं," यशोधरा म्हणाली. "कोपर मोडलं त्यांचं. तेव्हा ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं नाही. मी पाहिलं ते सांगते. सात म्हणजे सात."

शेवटी न्यायाधीशांनी आदिनाथला विचारलं की तुला काही सांगायचंय का. तो कठड्याला धरून उभा राहिला. "मी मोजत नव्हतो, सायेब," तो म्हणाला. "बाई मोजत व्हत्या. त्या म्हनत्यात तर सातच."

बाहेर आल्यावर मी यशोधराशी बोलायला गेलो. काय बोलणार होतो कुणास ठाऊक. ती माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "काका, आबांच्या केसमध्ये चौघांचे चष्मे असेच पडले होते." आणि प्रदीपबरोबर रिक्षात बसली. मी कोर्टाच्या पायरीवर बराच वेळ उभा होतो.

२०२३मध्ये निकाल लागला. आदिनाथला पाच वर्षं सक्तमजुरी झाली. गौरवलाही शिक्षा झाली, सहा महिन्यांची, पण ती त्यानं खटल्याआधी कोठडीतच भोगलेली होती. शेटचं नाव खटल्यात आलंच नाही. तो अजूनही प्लॉट पाडतो.

यशोधराच्या साक्षीच्या दिवशी संध्याकाळी घरी काय झालं ते मला प्रदीपनं सांगितलं. केरबांना सगळं कळलं होतं. एवढे दिवस तू त्या माणसाच्या सोबतीनं फिरत होतीस का, असं त्यांनी लेकीला विचारलं. ती हो म्हणाली. केरबा वाकड्या कोपराचा हात मांडीवर घेऊन बसले होते. मग म्हणाले, "माज्या टायमाला तुज्यासारकं कुनी बोललं असतं तर त्यो तवाच आत गेला असता. त्या पोराचा डोळा ऱ्हायला असता." आणि भाकरी वाढायला सांगितली. प्रदीप मात्र तिच्याशी वर्षभर बोलला नाही. तिनं आदिनाथला आत पाठवलं याचं त्याला काही नव्हतं. तिनं त्याला रविवारी नाश्ता दिला याचा राग होता. तो राग खोटा होता असं मला म्हणता येणार नाही.

मी मधली दोन वर्षं चालायला गेलो नाही. मग गेल्या एप्रिलमध्ये धीर करून यशोधराला फोन केला आणि चष्म्याचं खरं सांगितलं. ती म्हणाली, मला तेव्हाच माहीत होतं, रविवारी सहाला या.

आता तिच्याबरोबर चाळीस-चाळीस लोक असतात. कपाळावरची खूण केसांत झाकलेली असते. शेटच्या माणसांच्या धमक्या येतात, एकदा तिच्या स्कूटरचे टायर कापले होते. ती त्या एकवीस ठिकाणी थांबतेच. डांबरी रस्ता असो, हिरवळ असो की पोहण्याचा तलाव, ती थांबते आणि खाली काय आहे ते सांगते. कुणीतरी नेहमी विचारतं की हे तुम्हाला कसं कळलं. तेव्हा ती आदिनाथचं नाव सांगते, त्यानंच ते बुजवले हे सांगते, आणि तो येरवड्याच्या तुरुंगात कशासाठी आहे तेही सांगते. काहींना ते ऐकून बरं वाटत नाही. चालायला येताना असलं कशाला, असं एक बाई मागच्या रविवारी माझ्याजवळ कुजबुजल्या. मी त्यांना म्हणालो, मी तिथं होतो, आणि मला सगळं दिसत होतं.